कुलपातल्या लावण्या

भवानी पेठेतल्या वाचनालयात पुस्तकं देणारे गृहस्थ प्रत्येक पुस्तक आधी धोतराच्या सोग्यानं पुसत आणि मग हातात देताना म्हणत, "वैनी, निवांत वाचा, लई गोड हाय." त्यांना सगळीच पुस्तकं गोड वाटत.

शृंगारिक पुस्तकांचं एक कपाट मात्र कायम कुलपात असे. त्यावर पाटी होती, 'फक्त विवाहित पुरुषांसाठी.' माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. एकदा धीर करून मी त्यातलं लावण्यांचं पुस्तक मागितलं. शेजारी बसलेले चिटणीस चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते बायकांना देता येत नाही."

माझे कान तापले. मी वळलेच होते, तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "सायेब, ह्या लावण्यांत समदं बाईच बोलतीया की. तिचंच बोलणं तिनं वाचायचं न्हाय व्हय?"

वाचनालयात हशा पिकला. चिटणीस वर्तमानपत्राआड गेले, पण ते वर्तमानपत्रही हसण्यानं हलत होतं. गृहस्थांनी किल्ली फिरवली.

रविवारी दुपारी आम्ही नवराबायको ते पुस्तक घेऊन माडीवर बसलो. हे मोठ्यानं वाचू लागले, पण दुसऱ्याच लावणीला लाजून थांबले. मग पुढचं सगळं मीच वाचलं.