मेगनचा सोमवारचा आवाज

आसावरी बेलसरेची आणि माझी ओळख कार्डिफच्या मराठी मंडळात, जेवणाच्या रांगेत झाली. नोकरी काय करतेस म्हणून मी सहज विचारलं, तर म्हणाली, "रोलरकोस्टर तपासते."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिच्या मागे ताट घेऊन उभा असलेला तिचा नवरा, यतीन, म्हणाला, "खरंच सांगतेय. मी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यात कोणालाच इंटरेस्ट नसतो. हिच्याभोवती मात्र नेहमी गर्दी जमते."

मिरजेला मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग भोसरीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये सात वर्षं, आणि २०१४ साली यतीनच्या व्हिसावर वेल्समध्ये. तीन वर्षं तिला नोकरी मिळाली नाही. इथला अनुभव नाही, हे एकच उत्तर सगळीकडून. मग कार्डिफच्या पश्चिमेला, गाडीने पाऊण तासावर, समुद्राकाठच्या एका जुन्या पार्कमध्ये टेक्निशियनची जागा निघाली. मुलाखत घ्यायला एमलिन नावाचा साठीचा सुतार होता. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. तिला हेल्मेट दिलं, कमरेला पट्टा बांधला आणि म्हणाला, "चल वर."

वर म्हणजे मेगनवर. मेगन हा तिथला लाकडी रोलरकोस्टर, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेला. पाच मजली इमारतीएवढा उंच, सगळा पाइनच्या खांबांचा आणि आडव्यातिडव्या फळ्यांचा. त्याच्या कडेने एक माणूस जेमतेम मावेल अशी फळ्यांची वाट आहे. आसावरी त्या वाटेने टोकापर्यंत गेली. खाली ब्रिस्टल चॅनलचं पाणी ओहोटीने इतकं मागे सरलं होतं की मैलभर नुसती ओली वाळू चमकत होती. वारा आला आणि पायाखालचा अख्खा सांगाडा हलला. तिने कठडा घट्ट धरला.

"हलतोय हा!" ती ओरडली.

"हलतो म्हणून तर उभा आहे," एमलिन म्हणाला. "हलायचा थांबला की मला सांग."

ही गोष्ट सांगताना आसावरीचा आवाज आजही बदलतो. "रश्मी, मी आयुष्यभर लोखंड बघितलं होतं. लोखंड एकदा बसवलं की बसलं. हे लाकूड तर श्वास घेत होतं. मी तिथेच ठरवलं, पगार कितीही देऊ देत."

त्यानंतर रोज सकाळी साडेसहाला ती हातोडी आणि पाना घेऊन मेगनची जवळजवळ किलोमीटरभर लांबीची वाट चालायची. प्रत्येक जोड पाहायचा, सैल नट आवळायचा, खाली येऊन कागदावर सही करायची. मगच गाडी सुटायची. तिची मुलगी मायरा मंडळात आपल्या मोडक्या मराठीत सांगायची, "माझा आई वुडचा ट्रेनला चेक करते," आणि कोणाचा विश्वास बसायचा नाही.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. पार्कच्या बहुतेक लोकांना घरी पाठवलं. मेगनसाठी मात्र दोघांना ठेवलं, एमलिन आणि आसावरी. कारण लाकडी कोस्टर नुसता उभा ठेवून चालत नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवावी लागते, नाहीतर जोड आखडतात. म्हणून दर सोमवारी दोघं गाडीत माणसांऐवजी वाळूच्या पिशव्या ठेवायचे, तोंडाला मास्क बांधून दूर दूर उभे राहायचे आणि रिकाम्या पार्कात गाडी सोडायचे.

त्या मे महिन्यात कॅनडाहून चोवीस जण खास मेगनवर बसायला येणार होते. ओंटारियो प्रांतातला जुन्या कोस्टरप्रेमींचा एक क्लब, बहुतेक सगळे पेन्शनर. त्यांची तिकिटं रद्द झाली. अमेरिकेतली पार्कं त्यांना गाडीने काही तासांच्या अंतरावर, पण तीही सीमा बंद. क्लबच्या सेक्रेटरीचं नाव डोरीन. चौऱ्याहत्तर वर्षांची, चौतीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेली. तिने पार्कच्या ऑफिसला ईमेल पाठवला. पैसे परत मागण्यासाठी नाही. तिने एवढंच विचारलं होतं: मेगनकडे कोणी लक्ष देतंय ना?

ऑफिसने तो ईमेल आसावरीकडे ढकलला. तो सोमवार होता. तिने फोन गाडी सुटते त्या फलाटाच्या कठड्यावर ठेवला, गाडीच्या पूर्ण फेरीचा आवाज रेकॉर्ड केला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, "आज सकाळची मेगन. तब्येत उत्तम."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "मी हे अकरा वेळा ऐकलं. पुढच्या सोमवारी पाठवशील का?"

असं सुरू झालं. दर सोमवारी पावणेदोन मिनिटांचा एक आवाज. आधी साखळीची कट-कट-कट, वर पोचल्यावर क्षणभर शांतता, आणि मग तो गडगडाट, जो जवळून ऐकला तर छातीत बसतो. डोरीन तो क्लबच्या सगळ्यांना पाठवायची. कोणी डोळे मिटून आरामखुर्चीत ऐकायचं, कोणी स्वयंपाकघरात. हे सगळं आसावरी आम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगायची, तेव्हा मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागातून घरी येऊन सोफ्यावर नुसती पडलेली असायची. त्या दिवसांत मला दुसऱ्या कशाचं नवल वाटत नव्हतं. याचं वाटायचं.

हिवाळ्यात डोरीनने तिला फोन केला. पहिल्यांदाच. तिचा नवरा वॉल्टर दोन वर्षांपासून केअर होममध्ये होता, स्मृतिभ्रंशाने. डोरीनला आत जाऊ देत नव्हते. ती खिडकीबाहेर बर्फात उभी राहायची आणि आतली नर्स त्याच्या कानाशी फोन धरायची.

"तो मला ओळखत नाही गं," डोरीन म्हणाली. "पण काल मी त्याला तुझा आवाज लावला. मेगनचा. साखळी सुरू झाली आणि त्याने दोन्ही हात वर केले. माथ्यावर गाडी थांबते ना, तिथे त्याने श्वास रोखला. बरोबर तिथेच. आम्ही मेगनवर शेवटचे बसलो त्याला एकोणीस वर्षं झाली."

आसावरीने विचारलं, "मग?"

"मग खाली आला, आणि हसला. नर्स रडायला लागली, मी नाही. मला थंडी वाजत होती."

त्या रात्री जेवताना आसावरीने हे यतीनला सांगितलं. तो म्हणाला, "फोनचा माइक चांगला नाही तुझा. मी नीट रेकॉर्डर ऑर्डर करतो." दोन दिवसांत रेकॉर्डर आला.

आणि त्या रेकॉर्डरमुळेच पुढचं घडलं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी डोरीनचा ईमेल आला. "रागावू नकोस. कालच्या आवाजात एक मिनिट अकराव्या सेकंदाला काहीतरी वेगळं आहे. तिसऱ्या उताराच्या तळाशी. तिथे एकच 'टक' येतो. काल 'ट-टक' आला."

आसावरी सोमवारी सकाळीच ती सगळी वाट चालली होती. सगळे नट घट्ट होते. एमलिनने ईमेल वाचून खांदे उडवले. "साडेपाच हजार किलोमीटरवरून? वारा असेल."

"असेल," आसावरी म्हणाली. पण जेवणाच्या सुट्टीत ती केबिनमध्ये हेडफोन लावून बसली. जानेवारीचे चारही आवाज ऐकले, मग कालचा. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. आठव्यांदा ऐकताना कळलं. टक. टक. टक. टक. मग ट-टक.

ती उठून बाहेर गेली. "एमलिन, गाडी काढ."

गाडी चालू असताना सांगाड्यावर कोणी थांबत नाही, तो नियमच. म्हणून तिने रेकॉर्डर तिसऱ्या उताराच्या एका खांबाला बांधला, खाली आली, फेरी केली, वर जाऊन तो पुढच्या खांबाला बांधला, पुन्हा फेरी. अंधार पडेपर्यंत सहा फेऱ्या झाल्या. सहाव्या खांबाशी आवाज सगळ्यात स्पष्ट होता. दुसऱ्या दिवशी दोघांनी तिथली वरची पोलादी पट्टी काढली. रूळ म्हणजे एकावर एक बसवलेले फळ्यांचे थर असतात. वरचे चार थर धडधाकट. पाचव्यात पाणी मुरलं होतं. फळी उभी चिरली होती आणि तिच्यातले दोन बोल्ट आपल्या भोकांत हलत होते. बाहेरून नट घट्टच लागायचे, कारण ते चांगल्या लाकडाला धरून होते.

एमलिन गुडघ्यावर बसून त्या चिरेकडे पाहत राहिला. चाळीस वर्षं तो मेगनवर होता.

"मार्चच्या वार्षिक तपासणीत सापडलं असतं ना हे?" आसावरीने विचारलं.

"सापडलं असतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बहुतेक."

त्यांनी चार मीटर रूळ बदलला. आसावरीने डोरीनला फोन करून सगळं सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला ऐकू आलं कसं? डोरीनला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. "मी रोज ऐकते ना. वॉल्टरला दिवसातून चारदा लावते, मला झोप येत नाही तेव्हा मी लावते. बस चालवायचे तेव्हाही असंच होतं. पोरं इतका आरडाओरडा करायची, पण इंजिन कुरकुरलं की मला कळायचं." मग तिने विचारलं, "नवीन लाकडाचा आवाज कसा आहे?"

"थोडा कोवळा आहे," आसावरी म्हणाली.

वॉल्टर जुलैमध्ये गेला. डोरीनला शेवटचे चार दिवस आत जाऊ दिलं होतं. नंतरच्या सोमवारी आसावरीने आवाज पाठवावा की नाही, याचा दिवसभर विचार केला. संध्याकाळी डोरीनचाच मेसेज आला: "आज सोमवार आहे ना?"

तोपर्यंत वेल्समधली पार्कं उघडली होती आणि मेगनवर पुन्हा खरी माणसं ओरडत होती. पण कॅनडातल्या लशीची सर्टिफिकेटं इथे मान्य नव्हती. आले तर क्वारंटाइन. क्लबची म्हातारी मंडळी रोज नियम वाचत होती. चार ऑक्टोबरला ती अट सुटली. सीझन संपायला तीन आठवडे होते. चोवीसपैकी अकरा जण आले. तिघं आता नव्हते, बाकीच्यांना प्रवास झेपणार नव्हता.

आसावरीने मला बोलावलं. "ये गं. तू ऐकलंयस सगळं, बघायला तरी ये." मी सुट्टी काढून गेले. पार्क उघडायच्या आधी तासभर मॅनेजरने मेगन त्यांच्यासाठी ठेवली होती. थंडी होती, आकाश स्वच्छ. मिनीबसमधून सगळ्यात शेवटी एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई उतरली. तिने आसावरीला मिठी मारली नाही. मेगनकडे पाहून ती जागच्या जागी थांबली. बाकीचेही थांबले. अकरा म्हातारी माणसं, माना मागे टाकून, त्या करड्या लाकडी डोंगराकडे पाहत होती. एमलिनने टोपी काढली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग डोरीन म्हणाली, "मी विसरले होते, ही केवढी मोठी आहे ते. आवाजात कळत नाही."

"आधी बसणार की आधी खालून बघणार?" आसावरीने विचारलं.

"खालून."

आम्ही तिघी कुंपणाच्या आतल्या आखलेल्या वाटेने तिसऱ्या उताराच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. मी पहिल्यांदाच इतक्या जवळ गेले होते. खांबांच्या जंगलात एके ठिकाणी फळ्या पिवळ्या, कोऱ्या दिसत होत्या. आसावरीने वॉकीटॉकीवर सांगितलं आणि दूरवर साखळी सुरू झाली. मग गडगडाट आमच्या दिशेने येऊ लागला. आधी तो पायांना कळला, कानांना नंतर. शेजारचे खांब खरोखर झुकले, गाडी डोक्याच्या वरून गेली आणि सगळा सांगाडा हळूच परत सरळ झाला. डोरीनने डोळे मिटले होते.

"एकच," ती म्हणाली.

"एकच," आसावरी म्हणाली.

त्या दिवशी डोरीन सतरा फेऱ्या बसली. पहिल्या फेरीला तिने आसावरीला शेजारी बसवलं. मी मागे बसले आणि माथ्यावर पोचल्यावर समुद्र पाहून काहीतरी म्हणणार होते. वाक्य पूर्ण झालंच नाही. खाली उतरले तेव्हा गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच मी पोट धरून हसत होते.

एमलिन पुढच्या वर्षी रिटायर झाला. आता मेगनच्या सकाळच्या कागदावर शेवटची सही आसावरीची असते, आणि तिच्या हाताखाली तिघं जण आहेत. त्यांना ती शिकवताना मी एकदा ऐकलं. हातोडी हातात देऊन ती म्हणत होती, "नुसतं ठोकू नका. ठोकल्यावर थांबा."