पसंतीला आणलेले दोन उंदीर

मी आयुष्यभर उंदीर घराबाहेर काढले आणि सत्तरी उलटल्यावर एका रविवारी दोन उंदीर मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले.

(उंदीर म्हटलं की माझी नात तनू अजून चिडते. "आजी, एक हॅमस्टर होता आणि एक गिनीपिग!" असतील बाई. पुढचे दोन दात बघितले की मला जात कळते.)

नाहूरच्या या बिल्डिंगमध्ये येण्याआधी आम्ही भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत होतो. तिथले उंदीर भाडेकरूंपेक्षा जुने. आमचे हे गिरणीतून आले की आधी पिंजरा बघायचे, मग मला. पिंजऱ्यात काही सापडलं की मी म्हणायची, "बादलीत बुडवा." हे "हो हो" म्हणायचे, पिशवी घेऊन टेकडी उतरायचे आणि रस्त्यापलीकडे सोडून यायचे. मला संशय आला. एकदा एकाच्या शेपटीला चुना फासला. दोन दिवसांनी तोच चुनेवाला पुन्हा पिंजऱ्यात! मी यांच्याकडे बघितलं.

"अगं, त्याला तुझी भाकरी आवडली असेल," हे म्हणाले.

त्या माणसाचं रक्त तनूत उतरलं, त्याला मी काय करणार?

तनू तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्षभर तिचं एकच टुमणं होतं, मला प्राणी हवा. कुत्रा नको तर मांजर, मांजर नको तर काहीतरी छोटं, पण माझं. एकुलती एक पोर, संध्याकाळी खिडकीत बसून कबुतरांशी बोलायची. शेवटी माझ्या मुलाने, सुहासने, अट घातली. "चौघांचं एकमत झालं तर आणू. एकानेही नाही म्हटलं तर विषय कायमचा बंद. पुन्हा रडारड नाही. चालेल?"

"चालेल!" तनू म्हणाली. म्हणाली कसली, किंचाळली.

रविवारी सकाळी आम्ही चौघं मुलुंडला रंगीत मासे विकणाऱ्या एका दुकानात गेलो. माशांच्या मागे पिंजरे होते. पहिल्या पिंजऱ्यात पांढरे उंदीर. माझी सून वैशाली एक पाऊल मागे सरली.

"शेपटी आहे त्याला."

"अगं, उंदराला शेपटी असणारच ना," सुहास म्हणाला.

"मग घरात ती शेपटी राहील नाहीतर मी."

पांढरे उंदीर बाद झाले. उरले दोन. एक हॅमस्टर, मुठीत मावेल एवढा, बेसनाच्या लाडवासारखा गोळा होऊन झोपलेला. सुहास त्याच्या बाजूने. "जागा कमी, खाणं कमी, आवाज नाही. झकास!" दुसरा गिनीपिग, तपकिरी आणि पांढरा, केस तीन दिशांना उभे. तनूने बोट पुढे केलं, त्याने ते हुंगलं आणि पोरगी संपली.

"मला हाच."

"हा केवढा मोठा आहे! हॅमस्टर बघ ना, बेटा."

"तो झोपलाय!"

"झोपलेला आहे म्हणून तर चांगला!"

अर्धा तास हे चाललं. माझे गुडघे बोलायला लागले. मी दुकानदाराला म्हटलं, "दोन्ही पसंतीला द्या."

"क्या?"

"साड्या नेतात ना चार-पाच घरी? घरच्यांना दाखवतात, आवडेल ती ठेवतात, बाकीच्या परत. तसं. संध्याकाळी एक आणून देते."

"आजी, ये साडी नहीं है।"

"तेच म्हणते मी. यांची घडी मोडायची भीती नाही."

तो हसला आणि हसला तिथेच फसला. (आयुष्यात एवढी एकच कला मला येते, समोरच्याला हसवून सामान उचलायचं.)

घरी आल्यावर एकमत जवळ येण्याऐवजी लांब गेलं. हॅमस्टर खोक्यात झोपलेलाच. गिनीपिगने तनूच्या मांडीवर पाच मिनिटांत जे करायचं ते केलं. वैशाली म्हणाली, "आधी हे कोण पुसणार ते ठरवा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! म्हणजे ज्या जातीला मी उभ्या जन्मात घरात थारा दिला नाही, तिची घाण मी काढायची! मी त्याच क्षणी ठरवलं, दोघंही परत जाणार. पण तोंडाने नाही म्हणायची हिंमत होईना. पोर माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात सुहासने मला वाट दाखवली. "आई, तूच कौल लाव. देव सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं."

आमच्या कोकणात देवाला विचारल्याशिवाय कुणी म्हैससुद्धा घेत नाही. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते, ते देवाचं उत्तर. गावी हे काम गुरवाचं. इथे मी देव्हाऱ्यातल्या नारळावर करते. या फ्लॅटचा कौल मी लावला. सुहासच्या लग्नाचाही मीच लावला. (हे मी त्या दिवशी बोलून गेले. वैशालीने विचारलं, "म्हणजे दुसऱ्या बाजूला कोण होती?" तो विषय अजून मिटलेला नाही.)

मी जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेतल्या. उजवी हॅमस्टरची, डावी गिनीपिगची. एकही पडली नाही, तर देवाला दोन्ही नको. हे मी मुद्दाम तीन वेळा सांगितलं. मग पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सकाळची पेज होती. उकड्या तांदळाची, घट्ट. चाळीत असताना डिंक कुणाला माहीत होता? लिफाफे, पतंग, पोरांची फाटकी पुस्तकं, सगळं मी भातानेच चिकटवलं. बोट वाटीतल्या पाण्याकडे निघालं आणि पेजेत गेलं. देवाशपथ सांगते, आपोआप गेलं. प्रत्येक पाकळीमागे एकेक शीत आपोआप कसं बसलं, ते मात्र मला सांगता येणार नाही.

देव्हारा बुटका, जमिनीलगतचा. चौघं पुढ्यात बसलो. तनूच्या मांडीवर गिनीपिग, बाजूला हॅमस्टरचं खोकं. मी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी दोन जनावरां घरात हाडली हत..."

"व्हय म्हाराजा!" तिघं ओरडले.

"तेंच्यातला खयचा ठेवूचा, ता तूच सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तनूचा आवाज सगळ्यांच्या वर.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. सुहासने पंखा वाढवला. पाकळ्या हलल्यासुद्धा नाहीत. माझी पेज ती! चाळीतली पुस्तकं अजून सुटलेली नाहीत. पाऊण तासाने मी उसासा सोडला. (बरा जमला होता.)

"देवाच्या मनात नाही हो. आता काय करणार?"

मला वाटलं होतं तनू आकांत करेल. आकांताला माझ्याकडे औषध होतं, दोन लाडू आणि एक दम. पण पोरीने आकांत केलाच नाही. गिनीपिगला घट्ट धरून तिने नारळाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आजी, देवाला मी आवडत नाही का गं?"

उंदीर परत पाठवायचे होते, पोरीचा देव नव्हता पाठवायचा. मी तोंड उघडलं. मी कबूल करणारच होते. (असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे.)

तेवढ्यात तनू डोळे पुसायला वाकली, गिनीपिगने मान लांबवली आणि उजव्या बाजूची पाकळी, शीत तेवढं नारळावर सोडून, कचकच खाऊन टाकली.

"उजवी गेली! हॅमस्टर!" सुहास ओरडला.

"पडली कुठे? त्याने खाल्ली!" तनू उभीच राहिली.

"देवाने त्याला खायला लावली!"

"स्वतःच्या विरुद्ध कोण खाईल, बाबा?"

या गलक्यात बेसनाचा लाडू जागा झाला. खोक्यातून बाहेर पडला, देव्हाऱ्याची पायरी चढला, नारळाला लटकला आणि डावी पाकळी ओढून खाली पडला. मग पुन्हा चढला. पाकळ्या संपल्या तरी हा नारळ सोडेना. त्याने नारळावरून काहीतरी पांढरं उपटलं आणि गालात कोंबलं. गाल फुगला. मग दुसरं कोंबलं. दुसरा गाल फुगला.

वैशाली पुढे झाली. तिने नारळावरून बोट फिरवलं. बोट हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आई, ही पेज आहे."

"देवाला नैवेद्य," मी म्हटलं.

"पाकळीच्या मागून?"

सुहास एवढा हसला की त्याला जमिनीवर आडवं व्हावं लागलं. तनू हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली. "म्हणजे देव नाही म्हणालाच नव्हता? तूच म्हणालीस?"

"मीच म्हटलं गं. देवाचा काही दोष नाही."

तिने एवढा मोठा श्वास सोडला! माझ्यावर चिडायचंसुद्धा विसरली.

निकाल वैशालीने दिला. "दोन्ही पाकळ्या उतरल्या, दोन्ही प्राणी राहतील. आईंचं मत आता धरायचं नाही. आणि घाण आई काढणार."

काढली. हॅमस्टर दोन वर्षं जगला, गिनीपिग सहा. फ्रिजचं दार उघडलं की तो शिट्टी मारायचा आणि मी, पिंजऱ्यातल्याला बुडवा म्हणणारी बाई, त्याच्यासाठी काकडीच्या चकत्या करायची. जाड कापली तर खायचा नाही मेला! हे असते तर रोज हसले असते.

आता तनू कॉलेजात आहे. घरात काही ठरवायचं असलं की मी अजून म्हणते, कौल लावते. तनू म्हणते, "लाव ना आजी. पण आधी बोटं दाखव."

मग ती माझी दहाही बोटं एकेक करून हुंगते आणि मी मुकाट्याने हात पुढे करून उभी राहते.