कुंकू लावलेला लॅपटॉप

मी खोकी काढते. म्हणजे कागदावर आणि कॉम्प्युटरवर. मिठाईचं, औषधाचं, साबणाचं, कुठलंही पुठ्ठ्याचं खोकं आधी सपाट असतं. ते कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, कुठली पट्टी कुठे चिकटवायची हे कुणीतरी ठरवावं लागतं, ते मी ठरवते. इतक्या वर्षांत सवय अशी लागलीय की लग्नाला गेले तरी आहेराचं खोकं उलटं करून आधी तळ बघते. आई म्हणायची, पोरगे बघायच्या वयात ही बया खोकी बघत बसली. माझं लग्न राहिलं त्याचं खापर ती खोक्यांवर फोडते आणि मी फोडू देते.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा होता. 'आमचा' असं मी म्हणायचे, होता तो माझ्या मैत्रिणीचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो, मग अंधेरीच्या एका छापखान्यात एका टेबलावर. पुढे तिने सासऱ्यांच्या मदतीने गाळा घेतला आणि मला म्हणाली, "तू ये गं. तुझ्याशिवाय मला एक खोकं उभं करता येणार नाही." मी नोकरी सोडून गेले. ती गिऱ्हाइकं आणायची, मी ड्रॉइंग करायचे. भागीदारीचा विषय मी एकदा काढला होता. "आपल्यात कसला कागद यार?" असं म्हणून तिने माझ्या डब्यातलं कोलंबीचं लोणचं पळवलं. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं.

गाळ्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. पुठ्ठा कापायचं मशीन धुऊनपुसून त्याला झेंडूचा हार, पुढ्यात पाट, पाटावर माझी पोलादी पट्टी, कटर आणि मधोमध लॅपटॉप. सुताराची करवत तसा माझा लॅपटॉप. आई त्या दिवशी जोगेश्वरीहून रिक्षाने यायची, हळदकुंकवाची कोयरी पिशवीत घालून. पण ती स्वतः कुंकू लावायची नाही. बाबा गेल्यापासून तिने कोयरीला बोट लावलेलं नाही. मी बिनलग्नाची. मग मान मैत्रिणीचा. "सवाशिणीच्या हातान होऊंदे," असं म्हणून आई दारापाशीच उभी राहायची. असल्या गोष्टी मला पटत नाहीत, पण आईशी त्यावरून भांडायची ताकदही नाही.

मैत्रीण बोट कुंकवात बुडवायची आणि लॅपटॉपच्या बिजागरीपाशी ठसठशीत टिळा लावायची. वर हळद, वर अक्षता. तो टिळा पुसायचा नाही, जाईल तेव्हा आपोआप जाईल, असा नियम तिनेच केला होता. तांदळाचे दाणे बटणांच्या फटीत अडकायचे. एका वर्षी त्यापायी एक बटण दिवाळीपर्यंत दबत नव्हतं आणि मी तिला रोज शिव्या घालत होते. पूजा झाली की ती आईच्या पाया पडायची. आई तिला 'माझां दुसरां चेडू', म्हणजे दुसरी लेक, म्हणायची.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि ती म्हणाली, "हैदराबादला जायचंय. औषधवालं मोठं गिऱ्हाईक आहे. त्यांना आपली सगळी ड्रॉइंगं बघायचीत. विमानाने जाऊ, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. झकास ना?"

जोगेश्वरीत जन्म काढलेल्या माणसाला विमानाचं पोट रोज दिसतं. आमच्या गच्चीवर वाळवण घालताना मान वर केली की दिसतं. आतून मी ते कधी पाहिलं नव्हतं. हे तिला माहीत होतं. "लॅपटॉप तू घे," ती म्हणाली. "सामानात टाकू नकोस हां, आदळतात साले. जवळ घेऊन बस. माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

मी लॅपटॉपची बॅग दोनदा झटकली, नवी ओढणी घेतली. आई पहाटे उठून बसली होती. "विमानात खावक काय गावता गो?" तिने विचारलं. खोक्यातून काहीतरी देतात, असं मी सांगितलं. "मग तो खोको माका घेवन ये," ती म्हणाली. आमच्या घरात बटणं, सुया, औषधाच्या गोळ्या, सगळं माझ्या खोक्यांतच राहतं.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत लॅपटॉप बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला लावला. मी तो आडवा केला तशा बटणांच्या फटीतून अक्षता खाली सांडल्या. तपासणीवाल्या बाईने ट्रे बाजूला ओढला. बिजागरीतलं ते लाल पाहून तिने विचारलं, "मॅडम, ये क्या है?"

"पूजा का कुंकू है," मी म्हणाले. तिने एका काठीला कापडाची पट्टी लावून ती कुंकवावर फिरवली आणि मशीनमध्ये घातली. माझी मैत्रीण केव्हाच पलीकडे जाऊन उभी होती. ती हसत ओरडली, "घाबरू नको गं, आपला लॅपटॉप सौभाग्यवती आहे!" बाईलाही हसू आलं. मशीनला कुंकवात काही सापडलं नाही. तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी परत दिला. ट्रेमधले तांदूळ मी गोळा करून पर्समध्ये टाकले, पायाखाली यायला नकोत म्हणून.

विमानात तिने मला खिडकी दिली. बॅग पुढच्या सीटखाली ठेवावी लागली, तर मी दोन्ही पाय तिच्या दोन बाजूंना लावून बसले. विमान उचललं तेव्हा मी मैत्रिणीचं मनगट धरलं. खाली पवईचा तलाव दिसला, मरोळ काही ओळखता आलं नाही. "आपला गाळा कुठे असेल गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काय माहीत," आणि डोळे मिटून घेतले. तिला विमान लागत असेल असं मला वाटलं. खाऊचं खोकं आलं तेव्हा मी सँडविच आधी बाहेर काढलं, खोक्याची चिकटवलेली पट्टी नखाने सोडवली, ते सपाट केलं आणि बॅगेत सरकवलं. चांगलं खोकं होतं. तळाला गोंद नव्हता, नुसत्या घडीवर धरलेलं.

हैदराबादचं ते ऑफिस औषधवाल्यांचं वाटेना. भिंतीला लावून पुठ्ठ्याचे गठ्ठे, कोपऱ्यात आमच्यापेक्षा मोठं कापायचं मशीन. गिऱ्हाईक मोठं आहे, स्वतःच छापत असेल, अशी मी माझी समजूत घातली. एका लांब टेबलाशी दोन डिझायनर बसले होते. मैत्रिणीने माझी ओळख 'माय राइट हँड' म्हणून करून दिली आणि मला खरोखर आनंद झाला. मग दुपारपर्यंत मी दाखवत गेले. कुठलं ड्रॉइंग कुठल्या फोल्डरात, कुठल्या मिठाईवाल्याला झाकण सैल लागतं, कुठल्या साबणवाल्याचा पुठ्ठा घडीवर तडकतो म्हणून तिथे रेघ हलकी ठेवायची. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. आपलं काम कुणी इतक्या मन लावून बघतंय, हे मला नवं होतं. त्यांतली बाई सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत होती. गिऱ्हाइकाला आमच्या जुन्या मिठाईवाल्याचं झाकण कशाला हवं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, कारण शेजारी ती बसली होती.

जेवणाच्या आधी ती फोनवर बोलायला बाहेर गेली. डिझायनर बाईने मला हिंदीत अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, मरोळवाला यूनिट दिवाली के पहले बंद हो रहा है या बाद में? मशीन के लिए जगह करनी है."

मी म्हणाले, विचारून सांगते.

मैत्रीण बाहेर पाण्याच्या मशीनपाशी उभी होती. मी विचारलं, "गाळा विकलास?"

तिने फोन ठेवला. "सांगणारच होते गं. हे लोक मला पार्टनर घेतायत. मुंबईत परवडत नाही आता, तुला माहितीये."

"मला काय माहितीये? मला गिऱ्हाईक आहे म्हणून आणलंस."

"तिकडे सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

हे ती चिडून म्हणाली नाही. समजावून सांगावं तसं म्हणाली, आणि तेच मला जास्त लागलं. मला विमानात बसवायचं, खिडकी द्यायची, राइट हँड म्हणायचं, हे सगळं तिने बसून ठरवलं होतं. मी खोक्याची घडी ठरवते तसंच. फक्त या वेळी सपाट पुठ्ठा मी होते.

"आणि माझं काय?"

"इकडे ये ना तू. मी बोलते त्यांच्याशी. पण आईला सोडून तू येणार नाहीस, म्हणून मी..."

"विचारलंस?"

तिला काय उत्तर येईल ते माहीत होतं, म्हणून तिने प्रश्नच विचारला नव्हता. आईच्या हातचं तीस वर्षं जेवलेल्या बाईने आईचंच नाव पुढे केलं. मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो, मागून कुणीतरी "एक्सक्यूज मी" म्हणत पाणी भरून गेलं.

आत आल्यावर ती म्हणाली की लॅपटॉप इथेच राहील, गाळ्याच्या हिशेबातला आहे. ते खरंही होतं. डिझायनर बाईने तो आपल्याकडे ओढला आणि बिजागरीतलं लाल पाहून तिचं बोट थबकलं. "ओ, सॉरी हां," मैत्रीण हसत म्हणाली, "हमारे में वो पूजा होती है." तिने स्वतःच्या ओढणीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि टिळा पुसला. बिजागरीच्या आत गेलेलंसुद्धा, नखाने काढून. मग ओढणी झटकली.

कुंकू पुसतात तेव्हा काय झालेलं असतं, हे कुठल्याही मराठी बाईला सांगावं लागत नाही. बाबा गेले त्या दिवशी आईच्या कपाळावर शेजारणीचा हात फिरलेला मी पाहिलाय. तेव्हा निदान सगळ्या रडत होत्या.

संध्याकाळचं विमान मी एकटीने घेतलं. ती दोन दिवस राहणार होती, हेही तिचं आधीच ठरलेलं होतं. तपासणीच्या रांगेत मी बॅग पट्ट्यावर ठेवली तर पलीकडच्या जवानाने ती परत पाठवली. "लॅपटॉप बाहर निकालिए."

"नहीं है."

त्याने पडद्याकडे बघितलं. "चार्जर दिख रहा है. चार्जर है तो लॅपटॉप कहाँ है?"

वायरचं भेंडोळं पुढच्या कप्प्यात तसंच राहिलं होतं. मागची माणसं खोळंबली. त्याने बॅग उघडली, आत हात फिरवला, सपाट केलेलं खोकं काढून उलटसुलट बघितलं आणि पुन्हा ठेवून दिलं. बहुधा माझा चेहरा बघून त्याने पुढे विचारलं नाही. विमानात मी बॅग सीटखाली न ठेवता वर टाकली. त्या वेळी मला पहिल्यांदा रडू आलं.

घरी आले तर आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि ताटं तीन घेतली होती. कुठूनही बाहेरगावाहून आलो की मैत्रीण आधी आमच्याकडे जेवायची. "चेडू खंय?" आईने माझ्या मागे बघत विचारलं.

"रवलां थंयच," मी म्हणाले. तिच्याशी मी एरवी मालवणी बोलत नाही.

जेवताना हळूहळू सगळं सांगितलं. शेवटी आई उठली, तिसरं ताट कोरडंच होतं तरी धुतलं आणि फळीवर चढवलं. तेवढ्यात फोनवर मेसेज आला. 'चार्जर तुझ्या बॅगेत राहिलाय का गं? इकडे काम अडलंय. उद्या कुरियर कर ना प्लीज.' दिवसभरात तिने मला पाठवलेला तो एकच मेसेज. पोचलीस का, हे त्यात नव्हतं.

मी कुरियर केला नाही. त्यांनी दुसरा घेतला असेल, चार्जर काय कुठेही मिळतो. मरोळचा गाळा दिवाळीनंतर रिकामा झाला. मी बघायला गेले नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघा-तिघांनी मला शोधून काढलं, त्यांची नमुन्याची खोकी मी घरी जमिनीवर बसून हाताने कापून देते. पट्टी आणि कटर माझेच होते, ते कुणी ठेवून घेतले नाहीत.

यंदा खंडेनवमीला मी घरीच पाट मांडला. आईने कोयरी आणून माझ्या हातात दिली आणि सवयीने दारापाशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तू लाव."

"खुळी आसस काय गो? माझ्या हातान?"

"सवाशिणीच्या हाताने केलं ना इतकी वर्षं? काय झालं त्याचं?"

आई पाटासमोर बसली, बोट कुंकवात बुडवलं आणि आधी पट्टीला, मग कटरला टिळा लावला. बोटाला राहिलेलं कुंकू कुठे पुसावं हे तिला कळेना, तेव्हा मी कपाळ पुढे केलं. अक्षता म्हणून मी पर्समधले ते विमानतळावरचे तांदूळ काढले. वर्षभर तिथेच होते.

चार्जर पाटावर ठेवला नाही. तो विमानातल्या त्या खोक्यात आहे, आईच्या बटणांच्या शेजारी. एवढ्यासाठी अडून बसणं लहान मुलासारखं आहे, मला कळतं. पण कुरियर कर म्हणाली. घ्यायला आली असती, तर दिला असता.