बंद झालेल्या प्रसूतिगृहातलं बाळंतपण

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवते आणि राहते लोणावळ्याजवळ वलवणला. दवाखान्यांमधल्या स्पर्धेचा रुग्णावर काय परिणाम होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. ती स्पर्धा संपते कशी, हे मात्र मावळातच बघायला मिळालं.

बेगडेवाडी स्टेशनजवळ एका डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह होतं. मुलाखतीसाठी म्हणून मी त्यांच्याकडे गेले आणि मग जातच राहिले. दवाखाने चालवणाऱ्या एका बड्या कंपनीनं आधी त्यांच्या शेजारचं सोनोग्राफी सेंटर घेतलं, मग लॅब, मग अ‍ॅम्ब्युलन्स. धमकी कुणी दिली नाही. बाईंच्या पेशंटचे रिपोर्ट तेवढे उशिरा यायला लागले. भूल देणारे डॉक्टर फोन उचलेनासे झाले.

“भांडायचं कुणाशी?” बाई म्हणायच्या. “सगळेच हसून बोलतात.”

शेवटी त्यांनी प्रसूतिगृह विकलं. या तालुक्यात पुन्हा प्रॅक्टिस करायची नाही, अशी करारात अट होती. कंपनीला ते चालवायचंच नव्हतं. खोल्यांना कुलपं लागली, वीज तोडली गेली.

बाई मागच्या बाजूला राहायच्या. त्यांचं सामान आवरायला मी गेले होते, तेवढ्यात सुदुंबऱ्याहून एक जीप आली. आत कळांनी तळमळणारी एक मुलगी आणि तिची सासू.

“बाई, मोठ्या दवाखान्यात म्हनत्यात आज डाक्टर न्हाई, पुन्याला न्या. आता कुटं नेऊ हिला?”

मी हळूच बाईंना कराराची आठवण करून दिली.

“पाठ आहे मला तो,” त्या म्हणाल्या. “आधी पाणी तापव.”

राहत्या खोलीतच चादरी अंथरल्या. खिडकीतून पुरेसा उजेड येईना, म्हणून मी मोबाइलचा दिवा धरला. बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. ते निळं पडलं होतं, रडत नव्हतं. बाई त्याची पाठ चोळत राहिल्या. सासू भिंतीला टेकून खालीच बसली. बऱ्याच वेळानं एक बारीक आवाज निघाला, मग ते मोठ्यानं रडलं.

जीप निघतानाच कंपनीचा माणूस आला. तो रागावला नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, विचारलं. मग त्यानं खोलीचे फोटो काढले, चादरींचे काढले, माझाही काढला.

“मॅडम, तुमचे लेख आम्ही वाचतो हं,” तो अदबीनं म्हणाला.

बाईंना करार मोडल्याबद्दल कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. त्या बहिणीकडे नागपूरला गेल्या, आणि पुढं त्यांचा फोन लागेनासा झाला. इकडे डॉक्टर मला मुलाखती देईनासे झाले. एकानं चहा दिला आणि दार लोटून घेत तो म्हणाला, “बाकी काहीही विचारा, ते सोडून.”

आता माझ्या सुनेला दिवस गेलेत. परवा तिनं विचारलं, “आई, बाळंतपणासाठी नाव कुठं घालायचं?”

लोणावळ्यापासून पुण्याकडे एकेक दवाखाना मी मनात मोजत गेले. पाट्या वेगवेगळ्या होत्या. मालक सगळीकडे एकच.

“बघू,” मी म्हणाले, आणि तिच्याकडे पाठ करून भांडी लावायला लागले.