भित्र्यांच्या पंगतीतले किसनमामा

ऐका हो ऐका! नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, उभ्या मराठवाड्यातला सर्वात भित्रा माणूस गेल्या महिन्यात वारला. तरी शूर लोकांनी यापुढे आपापल्या जबाबदारीवर राहावे... लातुरात माझा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. लग्न असो की मयत, सूचना दिल्याशिवाय माझं तोंड मिटत नाही. ही सूचना मात्र माइकवर द्यायचं धाडस झालं नाही. पहिल्याच शब्दाला आवाज फाटला असता, म्हणून इथे लिहितो.

किसनमामा मूळचे लोह्याकडचे. दारूपायी घर सुटलं आणि कित्येक वर्षं मुदखेड स्टेशनच्या फलाटावर पोतं अंथरून झोपले. दारू सुटली कशी, हे ते प्रत्येकाला वेगळंच सांगायचे. कुणाला स्वप्न, कुणाला साधू, कुणाला रेल्वे पोलिसाची काठी. मला वाटतं, सरूमामी शोधत आल्या आणि काही न बोलता त्यांच्या पोत्याशेजारी पोतं अंथरून बसल्या, तेवढंच खरं असावं. पुढे दोघांनी लोह्याजवळच्या माळावर पत्र्याची शेड उभारून शिबिरं सुरू केली. रस्त्यावरून उठलेली, बाटलीतून सुटू पाहणारी माणसं तिथे येत. पहाटे भजन, दुपारी वावरातलं काम, संध्याकाळी मौन. शेडला दार नव्हतं, कारण उघड्यावर राहिलेल्या माणसाला बंद दारामागे झोप लागत नाही. मी भजनासाठी स्पीकर लावायला गेलो, तेव्हा अॅम्प्लिफायरच्या पेटीत माझी स्वतःची ‘सोय’ होती, एक चपटी बाटली. मामा पेटीजवळ आले आणि साप दिसल्यासारखे मागे सरले. म्हणाले, “भोंगेवाले, तेवढी पेटी भायेर ठिवा. मला भ्या वाटून राहिलंय.” मी विचारलं, कशाचं, करंटचं? तर म्हणाले, “माझंच की.” मी खूप हसलो. हसता हसता तिथेच राहिलो, आणि घरी परतलो तेव्हा ती सोय माझ्याकडे नव्हती.

शिबिरातली पंगत मात्र जगावेगळी. वाढून झालं की पहिल्या घासाआधी प्रत्येकाने आज कशाची भीती वाटली ते मोठ्याने सांगायचं. देवाचं नाव त्यानंतर. सुरुवात मामांपासून. त्यांना वरातीची भीती, खोकल्याच्या औषधाची भीती, जुन्या दोस्ताच्या फोनची भीती. नातू झाला त्या दिवशी तर हा माणूस पानावर बसून थरथरत होता. आनंद झाला की सगळ्यात जास्त भ्या वाटतं, म्हणाला. मी त्यांची नक्कल करायचो, शेड हसायची, मामाही हसायचे. मग एका शिबिरात उदगीरकडचा एक तगडा गडी छाती ठोकून म्हणाला की, आता आपल्याला कशाचंच भ्या राहिलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मामांनी उचललेला घास पानात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गड्याची मनधरणी केली, हात जोडले, अजून थोडं राहा म्हणाले. तो हसत एसटीत बसला. दिवाळीच्या आत बातमी आली, मोंढ्यामागच्या नाल्याकडेला तो सापडला... तेव्हापासून मामांची नक्कल मला नीट जमली नाही.

यंदा मामांच्या पोटातलं दुखणं निघालं. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बरं होण्यातलं नाही, पण वेदना थांबवता येतील. इंजेक्शनने जरा गुंगी येईल. ‘गुंगी’ ऐकताच मामांनी हात पांघरुणात ओढून घेतला. मरेन, पण शुद्धीवर मरेन, म्हणाले. त्यांचे दात एकमेकांवर घासायचे, घामाने उशी भिजायची, आणि नर्स आली की हा वाळलेला माणूस भिंतीकडे सरकायचा. मी डॉक्टरांची साक्ष काढली, देवाची काढली, शेवटी चिडलोसुद्धा. सगळं वाया. दुपारी मामींनी पेज आणली, चमचा तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला. म्हणाल्या, आधी सांगायचं असतंय, मग खायचं.

मामा म्हणाले, “गुंगीत म्या दारू मागितली तर? इतकी वर्सं आत दबा धरून बसलेली आसंल आन् तुझ्यासमोर तोंडातनं निघंल तर?”

मामींनी चमचा खाली ठेवला नाही. “मागा की. म्या न्हाई म्हनंन. आजवर दुसरं काय केलंय?”

मामांनी पेज घेतली. मग हात बाहेर काढला.

इंजेक्शननंतर चेहरा सैल पडला, आणि खरी भीती आमच्या वाट्याला आली. मी खाटेच्या एका बाजूला, मामी दुसऱ्या. आयुष्यभर लोकांना ‘ऐका’ म्हणून ओरडणारा मी, त्या दिवशी कानात बोळे घालून पळून जावं असं वाटत होतं. मला या माणसाचं दारू सोडणं खरं असायला हवं होतं... कारण माझं त्याच्यावरच टेकलेलं होतं. ऊन खिडकीतून उतरायला लागलं तशी मामांच्या ओठांची हालचाल झाली. काहीतरी मागत होते, हे नक्की. पुन्हा मागितलं. मी मान वळवली. मामी वाकल्या, कान त्यांच्या तोंडाला लावला आणि तशाच राहिल्या. शेवटी मीच कसंबसं विचारलं, काय म्हणतात?

मामी ताठ झाल्या. चारचौघांत कधी वरच्या पट्टीत न बोललेली ही बाई पलीकडच्या खाटांवरचे पेशंट उठून बसतील एवढ्या मोठ्याने बोलून गेली :

“च्या मागून राहिलेत वो भाऊ... निसता च्या!”