एक लादी की दोन?

तमाम जनतेस कळवण्यात येते की, आमच्या नाक्यावरच्या वहिनींच्या रसवंतीत आज उन्हं चढताना एक अत्यंत गंभीर निर्णय झाला.

बर्फवाला टेम्पोतून ओरडला, "वहिनी, एक लादी की दोन? लवकर बोला!"

एक घेतली तर ऐन दुपारी संपणार आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार. दोन घेतल्या तर उरलेली गटारात वाहणार, नफ्यासकट. वहिनींनी डोळे मिटून दोन उतरवून घेतल्या. मी रसाचा ग्लास तसाच धरून उभा! न लागलेली तहान आधीच मोजायची, हा जुगार आपण सगळेच खेळतो. फक्त आपला बर्फ असा चारचौघांत वितळत नाही.

तेवढ्यात सूर्यावर ढग आला. घामाघूम रांगेने सुटकेचा निःश्वास सोडला आणि वहिनी आभाळाकडे बघून कडाडल्या, "बाजूला हो मेल्या, दोन लाद्या घेतल्यात मी!"