लाँच आली तेव्हा मी बाजूला बसले होते

"ती पाळी नव्हती, मावशी. ते लघवीतून जाणारं रक्त होतं," सांगलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई म्हणाल्या. मी खाली फरशीकडे बघत होते. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ब्लॅडर कॅन्सर. ब्लॅडर म्हणजे पोटात लघवी साठते ती पिशवी. तिच्यात गाठ झाली होती.

त्या वेळी मला मरणाची भीती आधी वाटली नाही. आमच्या गावच्या काठाला लागलेली लाँच डोळ्यासमोर आली.

आमचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडे आहे. मागे जंगल, पुढे पाणी. बाजाराला जा, दवाखान्याला जा, लाँचनेच जायचं. वारं सुटलं की लाँच बंद.

माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक दिवस सकाळी लाल दिसलं. दुखलं काहीच नाही. दोन-तीन दिवसांत आपोआप थांबलं आणि पुढच्या महिन्यात परत आलं. मला वाटलं, पाळीच परत आली. आमच्याकडे पाळीत बाई बाजूला बसते. चुलीला, पाण्याच्या हंड्याला, देवाला शिवत नाही. मी पडवीत पोतं टाकून बसले.

थोरल्या जाऊबाई भाकरी थापत होत्या. त्या मोठ्यानं हसल्या. "आगं बया! सुना आल्या घरात, नि तू परत तरणी झालीस व्हय?"

मीही पदर तोंडाला लावून हसले. लाज वाटत होती, पण थोडं बरंही वाटलं होतं.

त्या उन्हाळ्यात एकदा लाँचमधून याच सांगलीच्या हॉस्पिटलातली डॉक्टरांची माणसं आली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. त्यांना एका अभ्यासासाठी निधी मिळाला होता. पाण्यापलीकडच्या माणसांना हा कॅन्सर एवढा उशिरा का कळतो आणि गावातच लघवी तपासली तर लवकर कळेल का, असा तो अभ्यास. हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा एवढंच कळलं की प्रत्येकानं बाटलीत लघवी द्यायची.

बायका एकमेकींच्या मागे लपायला लागल्या. जाऊबाईच पुढे झाल्या. "आवं बाई, आमचं मूत बघाय एवढं पाणी वलांडून आलासा?" सगळ्या हसल्या, नर्सबाईसुद्धा. मग नर्सबाईंनी सांगितलं, "ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी आज देऊ नका. त्यात रक्त मिसळलं की तपासणी चुकते."

त्या बोलल्या ते बरोबरच होतं. त्या दिवशी मी बाजूला होते आणि शाळेला लागून मारुतीचं देऊळ आहे, म्हणून मी लांब जांभळीखाली उभी होते. ते ऐकलं आणि घरी येऊन परत पोत्यावर बसले. मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. संध्याकाळी लाँच परत गेली. ती माणसं ज्या रक्ताच्या शोधात आली होती, ते माझ्याजवळ होतं आणि त्यापायीच मी त्यांच्याजवळ गेले नाही.

पावसाळ्यात रक्ताच्या गाठी पडायला लागल्या. मग लघवीच अडली. वाऱ्यामुळे लाँच सुटत नव्हती. मी पोट धरून काठावर बसून राहिले. साताऱ्यात सोनोग्राफी झाली, म्हणजे पोटावरून यंत्र फिरवून आत बघतात ती. तिथून सांगलीला पाठवलं. तिकडे लेक दिलेली आहे, म्हणून सोय झाली.

सांगलीत सिस्टोस्कोपी केली. लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण आत घालून बघतात. भूल देतात, घाबरू नका. लाज मात्र वाटते. बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा आमचे मालक म्हणाले, "मला सांगायचं तरी हुतंस."

"बाईमाणसाचं काय सांगायचं तुमास्नी?"

ते उठून पाणी आणायला गेले. बाटली तर भरलेलीच होती.

गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, त्याला बायोप्सी म्हणतात. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ स्नायूत शिरली आहे. वरवर असती तर खरवडून काढली असती, पिशवी राहिली असती. आता पिशवीच काढावी लागेल."

मी कधी नव्हे ते विचारलं, "उन्हाळ्यात बाटली दिली असती तर?"

"तेव्हा काय दिसलं असतं ते आज सांगता येत नाही. पण पिशवी वाचायची आशा जास्त होती. खोटं नाही बोलत."

पिशवी काढली, गर्भाशयही काढलं. आतड्याच्या तुकड्याची वाट करून पोटाला भोक ठेवलं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली असते, तिच्यात लघवी जमते. मी आता लग्नात दाराजवळ बसते. लाँचमध्ये कडेची जागा धरते. वास येतोय का, हाच विचार मनात. जाऊबाई मुद्दाम मला चिकटून बसतात. त्यांनी परत कधी ती थट्टा केली नाही. केली असती तरी चाललं असतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाळी चालू आहे का, एवढंच आम्ही विचारत होतो. पाळी जाऊन किती वर्षं झाली, हे विचारायला हवं होतं. चुकलं आमचं. पुढच्या निधीसाठी अर्ज करतोय, त्यात तुमचं सगळं लिहू का? नाव घालणार नाही." मी मान हलवली. त्यांना निधी मिळाला.

बायांनो, पाळी गेल्यावर लाल दिसलं तर ती पाळी समजू नका. दुखत नसलं तरी, आपोआप थांबलं तरी दाखवा.

परवा लाँच परत आली. नर्सबाई आता तो प्रश्न विचारतात. तरी वरच्या आळीतली एक बाई जांभळीखालीच उभी होती. माझ्याच वयाची. ती पुढे येईना. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून मी टेबलावरची एक बाटली उचलली आणि तिच्याकडे गेले. तिनं मान फिरवली.

"मी बाजूला हाय," ती हळूच म्हणाली.

मी इकडेतिकडे बघितलं, पदर सारला आणि तिला माझी पोटावरची पिशवी दाखवली.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातली बाटली घेतली.